वैद्याची रोजकीर्द : चिकित्सालय आणि संसार यांच्या खर्चाची नोंद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, म्हणजे तिस्रैषणीय अध्यायात मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या आहेत : प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्राणरक्षणाच्या पाठोपाठ धनाचा विचार येतो आणि साधनहीन दीर्घायुष्याची तर आचार्यांनी निंदाच केली आहे. असे असूनही आपल्या व्यवसायात पैशाविषयी बोलणे हे काहीसे कमीपणाचे समजले जाते. औषधयोजनेवर आपण तासन्‌तास चर्चा करतो. परंतु गेल्या महिन्यात चिकित्सालय चालविण्यास नेमका किती खर्च आला, असे विचारले असता बहुतेक वैद्य अंदाजानेच उत्तर देतात.

हा अंदाज बहुधा चुकीचा असतो, आणि त्याचे परिणाम केवळ आर्थिक नसतात. महिनाअखेर पैसे का पुरले नाहीत याचे कारण कळले नाही, की मन सोपे उपाय शोधू लागते. एखादे औषध जास्त लिहिले जाते, एखाद्या तपासणीमागील दलालीचा मोह पडतो, किंवा गरीब रुग्णाला आजवर दिलेली सवलत एकाएकी बंद होते. हिशेब हा कारकुनी भाग नसून तो वैद्याच्या सदाचाराचा एक आधार आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. प्रस्तुत लेखात लहान चिकित्सालय चालविणाऱ्या, तसेच नोकरी सांभाळून सायंकाळी रुग्ण पाहणाऱ्या वैद्यांसाठी दैनंदिन खर्चाच्या नोंदीची एक सुटसुटीत पद्धत मांडीत आहोत.

गल्ला एक, खिसे दोन

लहान चिकित्सालयाच्या हिशेबातील मूळ दोष एकच : चिकित्सालयाचा गल्ला आणि घरचा खिसा यांत भेद राहत नाही. सकाळी गल्ल्यातून दूधवाल्याचे पैसे जातात, दुपारी घरच्या पैशांतून औषधांचे पार्सल सोडविले जाते, सायंकाळी गल्ल्यातील नोटा घेऊनच भाजी आणली जाते. २०१६ साली यूपीआयची सोय झाल्यापासून हा गोंधळ कमी न होता वाढला आहे. कारण रुग्णाचे शुल्क, किराणा, मुलांची फी आणि औषधविक्रेत्याचे देणे हे सारे एकाच भ्रमणध्वनीतून, एकाच खात्यावर फिरते.

यास उपाय साधा आहे. चिकित्सालयासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे आणि रुग्णांसमोर ठेवलेला क्यूआर संकेत त्याच खात्याचा असावा. औषधखरेदी, भाडे, वीज, सहायकाचे वेतन ही देणी त्याच खात्यातून द्यावीत. घरखर्चासाठी महिन्याच्या ठराविक तारखेस ठराविक रक्कम घरच्या खात्यात वळवावी व तिची नोंद ‘उचल’ या नावाने करावी. उचल हा चिकित्सालयाचा खर्च नव्हे. तो वैद्याने स्वतःच्या मिळकतीतून घेतलेला भाग आहे. मध्येच घरासाठी रोख घ्यावी लागली तरी हरकत नाही. मात्र ती त्याच दिवशी उचल म्हणून लिहावी. एवढे एक पथ्य पाळले, तरी निम्मा हिशेब आपोआप शुद्ध होतो.

रोजकीर्द, खतावणी, तेरीज

आपल्याकडील जुन्या हिशेबपद्धतीतील हे तीन शब्द आजही पुरेसे आहेत. रोजकीर्द म्हणजे त्या त्या दिवशीची जमा व खर्च यांची क्रमवार नोंद. खतावणी म्हणजे त्याच नोंदी निरनिराळ्या खात्यांखाली वाटून लिहिणे. तेरीज म्हणजे महिनाअखेर सर्व खात्यांच्या बेरजांचा गोषवारा. वही वापरावी की संगणक, हा गौण प्रश्न होय. ज्या साधनावर रोज हात चालेल, ते साधन उत्तम.

रोजकीर्दीस दिवसाकाठी दहा मिनिटे पुरतात. चिकित्सालय बंद करण्यापूर्वी आरंभीची शिल्लक, दिवसभराची रोख जमा, खात्यावरील जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात आणि गल्ल्यातील रोकड प्रत्यक्ष मोजावी. वहीतील शिल्लक व हातातील रोकड जुळली नाही, तर ती ओढूनताणून जुळवू नये. ‘फरक’ असे लिहून ती रक्कम तशीच दाखवावी. आठवड्यातून तीन वेळा फरक येऊ लागला, तर कोठे तरी नोंद सुटते आहे हे कळते आणि त्या अनुषंगाने शोध घेता येतो.

खतावणीची खाती फार वाढवू नयेत. आमच्या मते पुढील आठ खाती पुरेशी होतात : औषधे व कच्ची द्रव्ये, भाडे, वीज, पाणी व इंधन, सहायकांचे वेतन, पंचकर्म साहित्य, प्रवास व दूरध्वनी, ग्रंथ, परिषदा व निरंतर वैद्यकीय शिक्षण, आणि वार्षिक देणी. नववे खाते उचलीचे. ‘किरकोळ’ हे खाते मुद्दामच दिलेले नाही. किरकोळ या नावाखाली जे जाते तेच पुढे मोठे होते. दोषांचा संचय होत असतानाच त्यांचे निर्हरण करावे, प्रकोपाची वाट पाहू नये, ही सुश्रुतोक्त क्रियाकालाची शिकवण येथेही उपयोगी पडते.

रुग्णाचे निदान आणि व्याधीचा तपशील हिशेबाच्या वहीत लिहू नये, हेही आवर्जून सांगावेसे वाटते. ही वही सहायक पाहतो, कर सल्लागार पाहतो. निदान व चिकित्सा यांची जागा रुग्णपत्रिकेत आहे.

गल्ल्यातील रक्कम आणि हाती उरणारी रक्कम

नोंदींचा उपयोग कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. तालुक्याच्या गावी एका वैद्याचे चिकित्सालय महिन्यातून २५ दिवस चालते आणि रोज सरासरी २० रुग्ण येतात, असे धरू. महिन्याचे रुग्ण ५०० झाले. सल्ला व औषध मिळून प्रत्येकी १२० रुपये घेतले जातात. महिन्याची प्राप्ती ६०,००० रुपये.

आता स्थिर खर्च पाहू. भाडे ६,००० रुपये, वीज व पाणी १,२००, सहायिकेचे वेतन १३,०००, दूरध्वनी, स्वच्छता व कागदी पिशव्या १,०००. याखेरीज परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण, व्यावसायिक दायित्वाचा विमा, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था, ग्रंथखरेदी, रंगरंगोटी ही देणी दरमहा येत नाहीत. ती वर्षाला सरासरी ९,६०० रुपये धरल्यास महिन्याचा वाटा ८०० रुपये. एकूण २२,००० रुपये. म्हणजेच एकाही पुडीतील औषध न मोजता प्रत्येक रुग्णामागे ४४ रुपये खर्च आधीच होऊन गेलेले असतात.

औषधाचा सरासरी खर्च रुग्णामागे ५० रुपये धरला, तर १२० मधून ५० आणि ४४ वजा जाता २६ रुपये उरतात. ५०० रुग्णांचे १३,००० रुपये. गल्ल्यात ६०,००० आले आणि संसारासाठी १३,००० उरले! ज्या वैद्याने नोंद ठेवली नाही, त्याच्या डोळ्यांपुढे ६०,००० हाच आकडा असतो आणि उचल त्या आकड्याच्या मानाने होते. तूट मग औषधविक्रेत्याच्या उधारीतून भरून निघते. ती उधारी हळूहळू वाढते, आणि पुढे कोणते औषध वापरावे हे वैद्य ठरवीत नाही, उधारी देणारा दुकानदार ठरवितो.

पंचकर्माचा हिशेब तर याहून अधिक फसवा असतो. अभ्यंग-स्वेदनाचा एक प्रयोग घ्या. तेल १०० मिलिलिटर, ६०० रुपये लिटर या भावाने ६० रुपये. स्वेदनाच्या काढ्यासाठी भरड १०० ग्रॅम, २०० रुपये किलोप्रमाणे २० रुपये. इंधन १५ रुपये. चादर व पंचे धुण्याचे साडेबारा रुपये. पंचकर्मासाठी नेमलेल्या परिचारकाचे वेतन महिना १३,००० रुपये असल्यास २६ दिवसांच्या हिशेबाने दिवसाचे ५०० आणि आठ तासांपैकी एका तासाचे साडेबासष्ट रुपये. बेरीज १७० रुपये होते. प्रयोगाचे २०० रुपये घेणारा वैद्य केवळ तेलाचे ६० रुपये वजा करून १४० रुपये मिळाले असे समजतो. वस्तुतः ३० रुपयेच मिळतात, आणि त्यातून जागेचे भाडे व द्रोणीची झीज अद्याप वजा व्हावयाची आहे. ४०,००० रुपयांची द्रोणी दहा वर्षे टिकणार असेल, तर तिचे वर्षाला ४,००० रुपये झिजतात, हेही लिहून ठेवावयास हवे.

हे सर्व आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून हा हिशेब एकदा अवश्य करून पाहावा.

द्रव्यसंग्रह : शास्त्र आणि हिशेब यांचा मेळ

वरील उदाहरणात सर्वांत मोठा खर्च औषधांचा आहे, आणि बचतीस खरा वावही तेथेच आहे. निकृष्ट औषध घेणे ही बचत नव्हे. बचत होते ती वाया जाणारे औषध थांबविल्याने. शार्ङ्गधरसंहितेत औषधांच्या वीर्यकालाचा विचार आला आहे. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावते, गुटिका व अवलेह एका वर्षानंतर हीनगुण होतात. उलट आसव, धातू व रसौषधी जुनी झाल्याने अधिक गुणवान ठरतात, असे तेथे सांगितले आहे. आजच्या बंदिस्त बाटल्यांवर कायद्याने छापलेली मुदत वेगळी असते आणि ती पाळणे बंधनकारक आहे. परंतु खरेदीचे तत्त्व या जुन्या वर्गीकरणातून सहज हाती येते. चूर्णे थोडी व वारंवार घ्यावीत, वटी व अवलेह मध्यम प्रमाणात घ्यावेत, आणि घाऊक सवलतीचा लाभ घ्यावयाचा असेल तर तो आसवारिष्टांत घ्यावा.

‘दहा डब्यांवर दोन मोफत’ अशा योजनेत घेतलेल्या चूर्णाचे चार डबे मुदत संपून टाकावे लागले, तर दहांच्या पैशांत आठच डबे कामी आले, असे गणित होते. हे ध्यानात येण्यासाठी साठ्याची एक वही असावी. तीत औषधाचे नाव, खरेदीची तारीख, नग, किंमत आणि मुदत हे पाच रकाने असावेत. आधी आलेले औषध आधी वापरावे. महिन्यातून एकदा मुदत जवळ आलेली औषधे वेगळी काढावीत आणि टाकून द्यावी लागलेली औषधे त्यांच्या किमतीसह लिहावीत. वरील चिकित्सालयात या शिस्तीने रुग्णामागे केवळ पाच रुपये वाचले, तरी महिन्याला २,५०० रुपये वाचतात. रुग्णाच्या खिशास हात न लावता साधलेली ही वाढ आहे.

सवलत लिहून ठेवावी

काही वैद्यांस ही सूचना खटकेल. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये, अशी आपली धारणा. तथापि आमचा आग्रह असा की, विनामूल्य अथवा कमी शुल्कात दिलेल्या चिकित्सेसाठी रोजकीर्दीत एक वेगळा रकाना असावा. तो कोणाला दाखविण्यासाठी नाही, आणि त्यात रुग्णाचे नाव लिहिण्याचीही गरज नाही, रक्कम पुरे.

वरील उदाहरणात ५०० पैकी ४० रुग्णांकडून काहीच घेतले नाही, तर ४,८०० रुपये कमी येतात आणि १३,००० ऐवजी ८,२०० रुपये उरतात. हे माहीत असलेला वैद्य विचारपूर्वक निर्णय करू शकतो. ज्यांना परवडते त्यांचे शुल्क १२० वरून १४० करून ती उणीव भरून काढावी, अथवा आठवड्यातील एक वेळ गरजूंसाठी राखून ठेवावी. हे ज्याला माहीत नाही, तो सहा महिने उदार राहतो आणि सातव्या महिन्यात कंटाळून सर्वांनाच नकार देतो. लिहिलेली सवलत टिकते. धर्मार्थ चिकित्सा दीर्घकाळ चालावी असे वाटत असेल, तर तिची किंमत ठाऊक असलीच पाहिजे.

उधारीची गोष्ट वेगळी. ‘पुढच्या वेळी देतो’ असे म्हणून गेलेल्या रुग्णाची रक्कम सवलतीत धरू नये. तिच्यासाठी उधारीची स्वतंत्र यादी ठेवावी आणि पैसे हाती येतील त्या दिवशी जमा लिहावी. तीन महिन्यांनंतर जी रक्कम येण्याचा संभव उरला नाही, ती सवलतीच्या रकान्यात वळवून मन मोकळे करावे.

कायद्याच्या अपेक्षा

आयकराच्या १९६२ च्या नियमावलीत नियम ६ एफ अन्वये वैद्यक व्यावसायिकांसाठी ‘नमुना ३ सी’ ही दैनिक रुग्णनोंद आखून देण्यात आली होती. त्या नमुन्याच्या शीर्षकात शल्यचिकित्सक, दंतवैद्य यांच्या जोडीने वैद्य व हकीम यांचा स्पष्ट उल्लेख होता. तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, मिळालेले शुल्क आणि ते मिळाल्याची तारीख एवढेच तिचे रकाने. याखेरीज वर्षाच्या पहिल्या व अखेरच्या दिवशी असलेल्या औषधसाठ्याची यादीही त्या नियमात अपेक्षित होती. ज्याची रोजकीर्द व साठावही नियमित आहे, त्याच्यापाशी यातील बहुतेक गोष्टी तयारच असतात.

२०१६ च्या वित्त अधिनियमाने आणलेल्या कलम ४४ एडीएमुळे व्यावसायिकांस अनुमानित उत्पन्नाची सोय मिळाली. वर्षाची व्यावसायिक प्राप्ती ५० लाख रुपयांपर्यंत, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर ७५ लाखांपर्यंत असल्यास, प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून सविस्तर हिशेबवह्यांच्या बंधनातून मोकळे होता येते. २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. अनुमानित उत्पन्नाची सोय मात्र कायम आहे. विवरणपत्र भरताना नवे क्रमांक कर सल्लागाराकडून पाहून घ्यावेत.

या सोयीमुळे हिशेबाची आवश्यकताच संपली, असा समज मात्र करून घेऊ नये. आपल्या उदाहरणातील सर्व प्राप्ती व्यावसायिक धरली, तर वर्षाच्या ७,२०,००० रुपयांवर अनुमानित उत्पन्न ३,६०,००० दिसते. प्रत्यक्षात सवलत धरण्यापूर्वीच ते १,५६,००० आहे. कर्ज घेताना बँक विवरणपत्रातील आकडा पाहते. हप्ता मात्र प्रत्यक्ष मिळकतीतून फेडावा लागतो. कायद्याने अनुमान चालते. संसाराला ते चालत नाही.

आणखी एक दक्षता घ्यावी. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातून मान्यताप्राप्त चिकित्सापद्धतींची आरोग्यसेवा मुक्त ठेवण्यात आली आहे. परंतु रुग्णाव्यतिरिक्त इतरांस केलेली औषधांची अथवा सौंदर्यप्रसाधनांची विक्री ही आरोग्यसेवा नव्हे. म्हणून सल्ल्याचे शुल्क, पंचकर्म आणि सुटी विक्री यांची जमा आरंभापासूनच तीन रकान्यांत लिहावी.

नोकरी करणाऱ्या वैद्यांसाठी

रुग्णालयात अथवा महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांस असे वाटते की वेतन ठरलेले असल्याने नोंदीची गरज नाही. वस्तुतः जाण्यायेण्याचे इंधन, बाहेरचे जेवण, रात्रपाळीतील चहा-फराळ, ॲप्रन, उपकरणे, परिषदांची शुल्के हा सारा खर्च वेतनातूनच जातो. पगारदारास आयकरात यांची वेगवेगळी वजावट मिळत नाही; त्यांच्या जागी ठोक प्रमाणित वजावट असते. तरीही दोन नोकऱ्यांची तुलना करताना, अथवा लांबच्या गावचे मानद काम स्वीकारताना, प्रत्यक्ष हाती काय उरते हे या नोंदींवरूनच कळते. एखाद्या रुग्णालयाने मानधनातून कर कापून घेतला असेल, तर जमेस पूर्ण मानधन लिहावे व कापलेला कर वेगळा दाखवावा. म्हणजे विवरणपत्राच्या वेळी तो सुटत नाही.

सकाळी नोकरी आणि सायंकाळी स्वतःचे चिकित्सालय, अशी जोडी असणाऱ्यांनी दोन्हींचे खर्च स्वतंत्र लिहावेत. नोकरीच्या वेतनातून चिकित्सालयाचे भाडे भरले जात असेल, तर तो तोट्याचा धंदा किती महिने चालवावयाचा, याचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

घरची वही

घरखर्चाची नोंद वैद्याने एकट्याने ठेवू नये. ती पती-पत्नी दोघांची असावी. येथेही थोडीच खाती पुरेत : किराणा व दूध, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, शिक्षण, वाहन, आरोग्य व विमा, सणवार व आप्तेष्ट, आणि बचत. बचत उरल्यास टाकू, असे न म्हणता उचल येताच ती प्रथम बाजूस काढावी. त्याखेरीज चिकित्सालय बंद ठेवावे लागल्यास तीन महिन्यांचा स्थिर खर्च निघेल इतकी रक्कम साठविण्याचे लक्ष्य ठेवावे. आपल्या उदाहरणात ही रक्कम ६६,००० रुपये होते. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत अनेक चिकित्सालये बंद असतानाही भाडे व वेतन चालूच होते, हे आपणां सर्वांस स्मरत असेलच. नोकरदारास रजा असते, वेतन असते. वैद्य आजारी पडला की त्याची प्राप्ती त्याच दिवशी थांबते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास काढून दोन्ही वह्यांची तेरीज करावी आणि तीन प्रश्न विचारावेत : चिकित्सालयातून खरोखर किती उरले? उचल त्याहून अधिक झाली काय? कोणते खाते गेल्या महिन्यापेक्षा वाढले आणि का? तीन महिने हा क्रम चालला, म्हणजे शुल्क किती असावे, कोणते औषध किती घ्यावे, कोणास सवलत द्यावी, या प्रश्नांची उत्तरे वहीतूनच मिळू लागतात.

दिनचर्येचे महत्त्व आपण रुग्णांस रोज सांगतो. त्या दिनचर्येत सायंकाळची दहा मिनिटे रोजकीर्दीस द्यावीत, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींस विनंती आहे. व्यापारी वर्ग लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करतो. आपण धनत्रयोदशीला धन्वंतरिपूजन करतो. या वर्षी धन्वंतरीच्या प्रतिमेपुढे ग्रंथांच्या जोडीने एक कोरी वहीही ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी तीत पहिली नोंद करावी.